याचं डोकं नक्की कशात चालतं?

पदवीच्या शेवटच्या वर्षाचे निकाल लागले की आमच्या कॉलेजात पालकांची ये-जा वाढते. मुलं येत नाहीत, आई-वडील येतात. मी मानसशास्त्र शिकवते आणि बऱ्याच वर्षांपूर्वी प्लेसमेंटचं कामही माझ्याच गळ्यात पडलं, त्यामुळे खुर्ची माझ्या टेबलासमोर ओढली जाते. प्लास्टिकच्या फोल्डरमधून गुणपत्रिकांची झेरॉक्स बाहेर येते. पाऊसपाणी, ट्रॅफिक बोलून झालं की खरा प्रश्न येतो : "मॅडम, याचं डोकं नक्की कशात चालतं?"

प्रश्न चांगला आहे, जरा उशिरा आला इतकंच. दहावीला टक्के पडले म्हणून सायन्स घेतलं, बारावीला टक्के घसरले म्हणून बीएस्सीला आला, आणि आता बावीस वर्षांचा झाल्यावर आपण त्याच्या डोक्याची चौकशी करतोय. २०१६पासून काही वर्षं राज्यात दहावीच्या मुलांची कलचाचणी होत असे, तिचा अहवालही हातात मिळे. बहुतेक घरांत तो दाखल्यांच्या गठ्ठ्यात अजून कोराकरकरीत असेल.

हल्ली या प्रश्नाला तयार उत्तरं मिळतात, आणि त्याबद्दलच आज तुमच्याशी बोलायचं आहे. कुणी सांगतं तुमचा मुलगा 'व्हिज्युअल' आहे, कुणी सांगतं मुलगी 'इंटरपर्सनल' आहे. मिसळणाच्या डब्यात मोहरीची वाटी वेगळी, हळदीची वेगळी, तशी पोरं वाट्यांत भरून दिली की आपल्याला हायसं वाटतं. इतकी वर्षं 'हुशार' आणि 'साधारण' अशा दोनच वाट्या होत्या, आता सात-आठ झाल्या, म्हणजे आपल्या लेकरालाही कुठेतरी जागा मिळाली.

परवा एका वडिलांनी स्पायरल बाइंडिंग केलेला एक जाडजूड रंगीत अहवाल माझ्यासमोर ठेवला. मुखपृष्ठावर मेंदूचं चित्र, त्यातून विजा निघतायत. मुलाच्या दहाही बोटांचे ठसे घेऊन बनवलेला. या प्रकाराला डीएमआयटी म्हणतात. आत प्रत्येक बोट मेंदूच्या एकेका भागाला जोडलेलं होतं आणि प्रत्येक बुद्धिमत्तेपुढे टक्केवारी होती, तीही दशांशचिन्हासकट. शेवटच्या पानावर योग्य करिअरची यादी : वैमानिक, वास्तुविशारद, शेफ, समाजसेवक, उद्योजक. मुलगा बीकॉम झालेला. यादीत नव्हतं असं क्षेत्र शोधायला मला वेळ लागला. फी विचारली, तर दुचाकीच्या दोन हप्त्यांएवढी निघाली.

बोटांवरच्या रेषा बाळ आईच्या पोटात असतानाच उमटतात, पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत पक्क्या होतात आणि जन्मभर बदलत नाहीत. म्हणूनच त्या आधारला आणि पोलिसांना उपयोगी पडतात. त्या पाहून कुणाला हिशेब जमेल आणि कुणाला गाणं, हे सांगता येत नाही. इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटी या मनोविकारतज्ज्ञांच्या देशव्यापी संघटनेनेही या चाचणीला शास्त्रीय आधार नाही असं जाहीरपणे सांगितलं आहे. तरी ती चालते, कारण तिला एका खऱ्या विद्वानाचं नाव चिकटवलेलं असतं.

ते नाव हॉवर्ड गार्डनर यांचं. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ. मेंदूला इजा झालेल्या रुग्णांबरोबर त्यांनी बोस्टनमध्ये काम केलं होतं. एखाद्याची भाषा जाते पण सूर शाबूत राहतो, एखाद्याला वाचता येतं पण रस्ता सापडत नाही, हे त्यांनी जवळून पाहिलं. १९८३मध्ये 'फ्रेम्स ऑफ माइंड' या पुस्तकात त्यांनी मांडलं, की बुद्धी एकसंध नाही. भाषेची, तर्कगणिताची, संगीताची, अवकाशाची, शरीराची, इतरांना ओळखण्याची आणि स्वतःला ओळखण्याची अशा तिच्या सात वेगवेगळ्या शाखा आहेत. पुढे निसर्ग वाचण्याची आठवी आली. ठशांशी या माणसाचा काडीचा संबंध नाही. उलट 'माझा मुलगा पाहून शिकतो, तुमचा ऐकून शिकतो' या प्रकाराशी माझ्या सिद्धान्ताची गल्लत करू नका, असं त्यांनी पुन्हा पुन्हा बजावलं आहे.

त्यांच्या सिद्धान्तालाही मानसशास्त्रात सगळे मान डोलावत नाहीत. चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४मध्येच दाखवलं होतं, की बुद्धीच्या एका कसोटीत पुढे असणारी माणसं साधारणपणे इतर कसोट्यांतही पुढे असतात. म्हणजे शाखा वेगळ्या असल्या तरी खोड काही प्रमाणात एकच असावं. हा वाद मिटलेला नाही आणि तुम्हाला त्यात पडायचं कारणही नाही. एवढं लक्षात ठेवा, की 'देव एका हाताने काढून घेतो, दुसऱ्या हाताने देतो. गणितात कच्चा आहे म्हणजे कलेत पक्का असणारच' हे आपण मनाच्या समाधानासाठी बोलतो. विज्ञानाने तशी हमी दिलेली नाही.

मग पदवीधर मुलांकडे पाहायचं कसं? मला स्वतःला गार्डनर यांच्यापेक्षा दुसऱ्या एका माणसाचा जास्त उपयोग झाला : रॉबर्ट स्टर्नबर्ग. लहानपणी हा मुलगा बुद्धिचाचणीच्या नुसत्या नावाने गारठायचा आणि कमी गुण मिळवायचा. येलला मानसशास्त्र घेतलं, तर पहिल्याच अभ्यासक्रमात 'सी' मिळाला. पुढे त्याच विद्यापीठात त्याच विषयाचे ते प्राध्यापक झाले आणि पीएचडीसाठी येणाऱ्या पदवीधरांची निवड करू लागले. तिथे भेटलेल्या विद्यार्थ्यांवरून त्यांनी तीन मुलींचं वर्णन केलं आहे. नावं बदललेली : अॅलिस, बार्बरा आणि सिलिया.

अॅलिस म्हणजे प्रत्येक आईबापांचं स्वप्न. पदवीला जवळजवळ पैकीच्या पैकी, प्रवेश परीक्षेत उत्तम गुण, शिफारसपत्रं एकापेक्षा एक. निवड समितीला विचारही करावा लागला नाही. पहिल्या वर्षी ती खरोखरच वर्गात पुढे होती. दुसऱ्याच्या संशोधनातली चूक तिच्याइतकी झटकन कुणाला सापडत नसे. पुढच्या टप्प्यावर काम बदललं. आता स्वतःचा प्रश्न स्वतः शोधायचा होता. तिथे ती मागे पडली. स्टर्नबर्ग तिला मठ्ठ ठरवत नाहीत. ते म्हणतात, आयुष्यभर तिला एकाच गोष्टीची शाबासकी मिळाली. दुसरं काही करून पाहायची तिला गरजच पडली नाही.

बार्बराचं उलट. परीक्षेतले गुण बेताचे. शिक्षकांची पत्रं मात्र कळवळून लिहिलेली : हिच्याकडे कल्पना आहेत, हिला घ्या. समितीने गुण पाहिले आणि नाकारलं. स्टर्नबर्गनी तिला आपल्याकडे संशोधन सहायक म्हणून ठेवून घेतलं. पुढे तिला प्रवेश मिळाला आणि तिने उत्तम काम करून दाखवलं. इथे माझ्या मनात नेहमी येतं, की जिला कुणी ठेवून घेतलं नाही अशा बार्बरांची नोंद कुठे असते?

सिलिया या दोघींच्या मधली. गुण बरे, पत्रं बरी, कशातच पहिली नाही. पण नोकरी शोधायची वेळ आली तेव्हा सगळ्यांना सिलियाच हवी होती. समोरच्याला काय पाहिजे, कुठलं काम कुणाला दाखवायचं, कुठे गप्प बसायचं, हे तिला कळत होतं. चौथा एक पॉलही आहे. अॅलिसची तीक्ष्णता आणि बार्बराच्या कल्पना दोन्ही त्याच्याकडे. मुलाखतीची आमंत्रणं ढिगाने आली. पण मुलाखत घेणारे आपल्यापेक्षा बावळट आहेत हे त्याला चेहऱ्यावर लपवता आलं नाही, आणि हाती जवळजवळ काही लागलं नाही. पॉल आमच्याकडेही दरवर्षी एखादा असतो. बहुधा घरी त्याला 'आमचा भाऊ सगळ्यांना गप्प करतो' असं कौतुकाने सांगितलेलं असतं.

आता हे आपल्या अंगणात आणून पाहा. आपली पदवी परीक्षा अॅलिसचीही नीट परीक्षा घेत नाही. मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका, अपेक्षित प्रश्न, टिपा लिहा, फरक स्पष्ट करा. पाठांतर पक्कं असलं की डिस्टिंक्शन हुकत नाही. विश्लेषणाची वेळ पहिल्यांदा येते ती कंपन्यांच्या ऑनलाइन चाचणीत : आकडेमोड, भाषा, तर्क. आणि मग पालक म्हणतात, "मॅडम, हिला ८६ टक्के आहेत, ही अॅप्टिट्यूडला उडालीच कशी?" उडाली कारण तीन वर्षं तिला तसा प्रश्न कुणी घातलाच नव्हता. ती चाचणी पार झाली की मुलाखत, आणि तिथे अचानक सिलिया हवी असते. बार्बराला तर या वाटेवर कुठेच थांबा नाही. ज्या मुलाने प्रोजेक्टमध्ये मार्गदर्शकाला न सुचलेला प्रश्न काढला, त्याला आम्ही शिक्षकच सांगतो, 'बाबा रे, सबमिशन जवळ आलंय, आहे तेच पूर्ण कर.'

या तिन्ही मुली खरं तर एकाच माणसात कमी-अधिक असतात. कामाच्या पहिल्या टप्प्यावर एक लागते, नंतर दुसरी लागते. म्हणून 'माझी अॅलिस आहे' हे उत्तर घेऊन घरी जाऊ नका. तिच्यातली कुठली बाजू आजवर कामालाच लागली नाही, तिकडे पाहा.

हे मी मुलींच्या आई-बाबांना जरा जास्तच सांगते. मुलाखतीच्या सरावाला आमच्याकडे एक मुलगी बसली होती. ठरलेला प्रश्न आला : अडचणीची परिस्थिती कधी हाताळली आहे का? ती म्हणाली, "नाही मॅडम, तसं काही झालं नाही." मला माहीत होतं, की त्याच सत्रात तिच्या आजीचं खुब्याचं हाड मोडलं होतं आणि ती महिनाभर वर्गात अधूनमधूनच दिसत होती. खोदून विचारलं तेव्हा हळूहळू बाहेर आलं. मेडिक्लेमची पूर्वपरवानगी हिने काढली. टीपीएच्या खिडकीवर कागद कमी म्हणून दोनदा परत पाठवलं, तेव्हा डॉक्टरांच्या मदतनिसाकडून जुन्या तपासण्यांच्या नकला हिने मिळवल्या. डिस्चार्जच्या दिवशी बिलातली एक मोठी रक्कम कंपनीने कापली, तर पॉलिसीचं कलम काढून मेल हिने लिहिला आणि त्यातले काही पैसे परत आले. हे सगळं करून पोरगी सांगते, तसं काही झालं नाही! कारण घरात ते 'मदत' या खात्यात पडलं होतं. तिचा भाऊ त्या दिवसांत परीक्षेचा अभ्यास करत होता. सिलिंडर कुठून बुक करतात हेही त्याला माहीत नव्हतं, आणि घरात हुशार तोच होता.

मुलीची व्यवहारबुद्धी घरकामात जिरवायची आणि मुलाला तिच्यापासून वाचवायचं, यात दोघांचंही नुकसान होतं. त्याचं नुकसान नोकरीच्या पहिल्या वर्षी कळतं. वरिष्ठाला उशीर होणार हे आधी कळवायचं असतं, हे त्याला बाविसाव्या वर्षी कुणीतरी परकं माणूस शिकवतं, आणि प्रेमाने शिकवत नाही.

आता दुसऱ्या टोकाला जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. 'मार्कांत काय ठेवलंय, आमचा व्यवहाराला चोख आहे' म्हणणारे वडीलही खूप येतात, विशेषतः ज्यांनी स्वतः शून्यातून धंदा उभा केला ते. त्यांना मी ब्राझीलमधल्या रेसिफे शहराची गोष्ट सांगते. १९८५मध्ये तिथल्या संशोधकांनी रस्त्यावर नारळ, फळं विकणाऱ्या पाच मुलांकडून गिऱ्हाईक म्हणून हिशेब करून घेतले. त्यातले ९८ टक्के बरोबर आले. नंतर त्याच मुलांना तसलीच उदाहरणं शाळेसारखी कागदावर दिली, तेव्हा ३७ टक्के बरोबर आली. एवढं ऐकून वडील खूश होतात : बघा, शाळा बिनकामाची! पण गोष्ट पुढे आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांना असंच तपासलं. हे संशोधन २०२५मध्ये 'नेचर'मध्ये आलं. बाजारातल्या मुलांना शाळेची साधी गणितं अडली, आणि बाजारात काम न करणाऱ्या शाळकरी मुलांना बाजारातला हिशेब झरझर जमेना. म्हणजे एका ठिकाणी कमावलेली बुद्धी दुसऱ्या ठिकाणी आपोआप चालत जात नाही. कुणीतरी तिला तिथवर हाताला धरून न्यावं लागतं.

तेव्हा व्यवहारी मुलाला 'याला पुस्तकाची गरज नाही' असं म्हणून मोकळं सोडू नका. दुकानाचा हिशेब तोंडी करणाऱ्याला ताळेबंद वाचता येईल, पण कुणीतरी शेजारी बसून 'तू रोज करतोस तेच इथे या रकान्यात लिहिलंय' हे दाखवलं तर. तसंच ८६ टक्केवालीला तुमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला घेऊन जा, नुसती बसू द्या. लिफ्टच्या खर्चावरून दीड तास भांडण होतं, आणि शेवटी ठराव कोण, कसा मंजूर करून घेतो हे तिला कुठल्याच पेपरात दिसलेलं नसतं.

चाचण्यांबद्दल एक सांगते, कारण चाचणी घेऊच नका असं माझं म्हणणं नाही. १९०५मध्ये पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी पहिली बुद्धिचाचणी तयार केली, ती शाळेत मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना मदत देता यावी म्हणून. तोच धागा पुढे अमेरिकेत लुइस टर्मन यांनी अतिहुशार मुलं निवडायला वापरला. त्यांच्या चाळणीतून गळलेल्या मुलांत विल्यम शॉक्ली आणि लुइस अल्वारेझ होते, आणि दोघांनाही पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. प्रशिक्षित समुपदेशकाने घेतलेली, आवड आणि अभिक्षमता दोन्ही पाहणारी, तासभर समोर बसून समजावून सांगितलेली चाचणी जरूर करा. निकालापेक्षा तो तास जास्त कामाचा असतो. फक्त मुलाला आत पाठवून तुम्ही बाहेर फोनवर बसू नका, आणि आत गेलात तर त्याची उत्तरं तुम्ही देऊ नका. हे दुसरं जास्त अवघड जातं, असा माझा अनुभव आहे.

एका घरातल्या दोन मुलांची तुलना करू नका, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी त्यापुढचं मागते : दादा अभ्यासाचा, धाकटी बोलकी, ही वाटणीही करू नका. मुलं फार लवकर आपापली जागा धरून बसतात. दादाने अभ्यास घेतला म्हणून धाकटी ते सोडून देते, आणि पंचवीस वर्षं दोघं त्या एकेका शब्दात अडकून राहतात. माझ्यासमोर बसणाऱ्या पदवीधरांना मी स्वतःबद्दल सांगायला सांगते, तेव्हा अर्ध्याअधिक वेळा मला आई-वडिलांचंच वाक्य ऐकू येतं, तेही तुमच्याच चालीत.

नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीची रचना बदलली आहे. मुख्य विषयासोबत दुय्यम विषय आला, कौशल्याचे पेपर आले, प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण आलं. मुलं त्याला ओजेटी म्हणतात. कागदावर पाहिलं तर अॅलिसला सिलियाच्या कामाला लावणारी हीच जागा. आणि आपण काय करतो? ओळखीतल्या सीएच्या ऑफिसातून किंवा मामाच्या वर्कशॉपमधून सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र आणतो, म्हणजे त्या वेळात मुलाला क्लास लावता येतो. कृपा करून हे प्रमाणपत्र आणू नका. मामाचंच वर्कशॉप असू दे, पण पोराला तिथे सकाळी नऊला खरोखर जाऊ द्या. संध्याकाळी 'काय शिकलास?' विचारू नका. 'आज कुठे अडलं?' एवढंच विचारा आणि उत्तर द्यायला त्याला वेळ द्या.

ज्यांची पदवी होऊन गेली आहे त्यांनीही घरी बसून स्पर्धा परीक्षेचा फॉर्म भरत राहण्याआधी एखादं वर्ष कामात घालवावं. केंद्र सरकारच्या नॅट्स योजनेत पदवीधरांना वर्षभराची अप्रेंटिसशिप विद्यावेतनासह मिळते. राज्य सरकारने २०२४मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तेव्हा पदवीधराला महिन्याला १०,००० रुपये ठरले होते. पैसे थोडेच आहेत. पण याच काळात तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर मिळायला सुरुवात होते. कारण तिथे चिडलेलं गिऱ्हाईक असतं, बंद पडलेलं सॉफ्टवेअर असतं, रजेवर गेलेला वरिष्ठ असतो, आणि तुमचं पोर त्यातल्या कशाकडे आपणहून वळतं हे त्याला स्वतःलाही पहिल्यांदाच दिसतं.

तोवर लग्नकार्यात कुणीतरी विचारणारच, "काय, पर्मनंट आहे का?" त्यांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मला कुणी विचारलं, तर मी त्यांच्या मुलाची चौकशी सुरू करते. त्यात पंगत निघून जाते.